राँग साइडने गाडी चालवणे: शिक्षा, खटला आणि बचाव याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतील वाचकांकडून या विषयावर सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाल्यामुळे उत्तरांत नवी कलमे दिली आहेत आणि आवश्यक तेथे जुनी कलमेही नोंदवली आहेत. ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. समन्स हातात पडलेल्या व्यक्तीने आपली कागदपत्रे वकिलाला दाखवूनच पुढचे पाऊल उचलावे.

१. राँग साइड म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नेमके काय?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १८४ (धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे) च्या स्पष्टीकरणात वाहतुकीच्या अधिकृत प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणे हा प्रकार स्वतंत्रपणे नमूद झाला आहे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने जाणे आणि एकदिशा मार्गावर उलट शिरणे हे दोन्ही त्यात येतात. उड्डाणपूल उतरल्यावर यू-टर्नचा कट लांब आहे म्हणून दुभाजकाला चिकटून थोडेसे अंतर उलट येणारा दुचाकीस्वार हे या शहरातील रोजचे उदाहरण आहे. कलमात अंतराची कोणतीही अट नाही, त्यामुळे पन्नास मीटर उलट जाणारा आणि दोन किलोमीटर उलट जाणारा हे दोघेही त्याच कलमाखाली येतात. अंतराचा विचार झालाच तर तो शिक्षा ठरवताना होतो.

२. पकडले गेल्यास शिक्षा किती होते?

याचे उत्तर तुमच्या कागदावर कोणते कलम लिहिले आहे यावर अवलंबून आहे, म्हणून दंडाची रक्कम पाहण्याआधी कलम पाहावे. कलम १८४ लावले असेल, तर पहिल्या गुन्ह्यासाठी किमान सहा महिने ते कमाल एक वर्ष कैद, किंवा किमान १,००० ते कमाल ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. काही वेळा मात्र वाहतूक चिन्हाचे पालन न केल्याबद्दल कलम ११९ आणि १७७ लावले जाते. त्यात कैद नाही. कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि नंतरच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ (बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन चालवणे) लावले गेले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

आकड्यांवरून २८१ सौम्य वाटते, पण तसे समजू नये. ते दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करता येणारे, असल्यामुळे पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवला जातो आणि पुढे दोषारोपपत्रापर्यंत सगळी प्रक्रिया होते (प्रश्न ४ आणि १६ पाहा).

३. जागेवर पैसे भरले की प्रकरण मिटते का?

कलम १७७ चे चलन तडजोड शुल्क, म्हणजे खटल्याऐवजी भरायची ठरावीक रक्कम, भरून मिटते. कलम १८४ चे तसे नाही. अधिनियमाच्या कलम २०० मध्ये तडजोडयोग्य गुन्ह्यांची यादी आहे आणि १८४ पैकी केवळ वाहन चालवताना हातात मोबाईलसारखे साधन वापरण्याचा प्रकार त्यात घेतला आहे. प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणे त्या यादीत नाही, त्यामुळे ते प्रकरण न्यायालयात जाणे हाच कायद्याचा मार्ग आहे. तडजोड झालेला गुन्हाही पुढच्या वेळी "दुसऱ्यांदा केलेला गुन्हा" ठरवताना मोजला जातो. हे कलम २०० मध्येच लिहिलेले असूनही बहुतेकांना ठाऊक नसते. पावतीशिवाय दिलेला पैसा म्हणजे लाच, आणि लाच देणारा स्वतःवर वेगळाच गुन्हा ओढवून घेतो.

४. अपघात झाला नाही, कोणाला खरचटलेही नाही. तरी एफआयआर कसा काय होऊ शकतो?

कलम २८१, म्हणजे पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम २७९, लागू होण्यासाठी प्रत्यक्ष इजा व्हावी लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावर वाहन इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने चालवले की मानवी जीव धोक्यात आला किंवा कोणाला इजा होण्याचा संभव होता, एवढे सिद्ध झाले तरी गुन्हा पूर्ण होतो. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये, संजय पांडे पोलीस आयुक्त असताना, उलट दिशेने येणाऱ्या वाहनचालकांवर याच तरतुदीखाली सरसकट गुन्हे नोंदवण्याची मोहीम हाती घेतली. तेव्हापासून "नुसते चलन होईल" हा समज या शहरात धोक्याचा ठरला आहे.

५. एकाच घटनेसाठी मोटार वाहन कायदा आणि न्याय संहिता अशी दोन्हींची कलमे लावता येतात का?

लावता येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अरुणाचल प्रदेश राज्य विरुद्ध रामचंद्र रबिदास या प्रकरणात स्पष्ट केले की मोटार वाहन अधिनियमात शिक्षा आहे म्हणून दंड संहितेखालील खटल्याला बाधा येत नाही, कारण दोन्ही कायद्यांतील गुन्ह्यांचे घटक वेगळे आहेत. त्यामुळे "मी चलन भरले आहे, आता एफआयआर रद्द करा" हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा होऊ नये हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) चे संरक्षण मात्र कायम आहे.

६. पोलीस मला अटक करू शकतात का? गाडी आणि लायसन्स यांचे काय होते?

कलम १८४ चा गुन्हा गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडला, तर कलम २०२ नुसार त्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. न्याय संहितेचे कलम २८१ दखलपात्र असले तरी जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा तुमचा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. प्रत्यक्षात अनेकदा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची नोटीस देऊन चौकशीला बोलावले जाते. ती नोटीस दुर्लक्षित करू नये, कारण गैरहजेरी हे अटकेचे कारण होऊ शकते.

लायसन्सच्या बाबतीत कलम २०६(४) कडक आहे. १८४ चा गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल, तर अधिकारी लायसन्स जप्त करून ते अपात्रतेच्या किंवा रद्द करण्याच्या कारवाईसाठी परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओकडे पाठवतो. त्याबद्दल तात्पुरती पोच मिळते, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या पोचेवर गाडी चालवता येत नाही. पूर्वीच्या अनुभवावरून बिनधास्त गाडी काढणारे येथे फसतात.

एफआयआरमध्ये गाडी जप्त झाल्यास ती परत मिळवण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ पडून राहू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले आहे. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करावा आणि आरसी, विमा व पीयूसी यांच्या प्रती जोडाव्यात.

७. रात्री दोन वाजता रस्ता पूर्ण मोकळा होता. धोका कोणालाच नव्हता, हा बचाव चालतो का?

कलम १८४ मध्ये सहसा चालत नाही. अधिकृत प्रवाहाविरुद्ध वाहन चालवणे म्हणजेच धोकादायक पद्धतीने चालवणे, असे स्पष्टीकरणातच ठरवून टाकल्यामुळे धोका होता की नव्हता हा वाद तेथे उरत नाही. मोकळ्या रस्त्याचा मुद्दा फक्त शिक्षा कमी मागण्यासाठी मांडता येतो.

कलम २८१ मध्ये चित्र वेगळे आहे. तेथे बेदरकारपणा किंवा हयगय आणि त्यातून जीव धोक्यात येण्याची किंवा इजा होण्याची शक्यता या दोन्ही गोष्टी सरकारी पक्षाने सिद्ध करायच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटले की "भरधाव वेग" एवढ्या शब्दांवरून बेदरकारपणा किंवा हयगय सिद्ध होत नाही आणि तशी गृहीतकेही धरता येत नाहीत. त्याच धर्तीवर पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, त्या वेळची वाहतूक, प्रकाश आणि वाहनाचा वेग यांची काहीच नोंद नसेल, साक्षीदार फक्त तक्रारदार हवालदारच असेल आणि "आरोपी राँग साइडने आला" एवढेच वाक्य असेल, तर धोक्याची शक्यता सिद्ध झाली नाही असा युक्तिवाद करता येतो. कुर्ला किंवा दादर स्थानकाबाहेर संध्याकाळी सात वाजता हा युक्तिवाद कोणी ऐकणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

८. वन-वेचा बोर्ड दिसलाच नाही. गणपतीत तर रस्ते रोज बदलतात. मग माझी चूक कशी?

कायदा ठाऊक नव्हता हा बचाव होत नाही, पण वस्तुस्थितीविषयी प्रामाणिक गैरसमज झाला होता हे न्याय संहितेच्या कलम १७ च्या आधारे मांडता येते. एकदिशा मार्ग मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ आणि ११६ खालील अधिकारांत ठरवले जातात आणि चालकाला ते कळावेत म्हणून चिन्हे लावायची असतात. फलक झाडाच्या फांदीने किंवा उत्सवाच्या बॅनरने झाकलेला होता, खांब उखडलेला होता किंवा आडव्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताना त्या तोंडाशी फलकच नव्हता, असे असेल तर त्याच दिवशी तारीख-वेळ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवावेत. महिन्याभराने तेथे नवा फलक उभा असतो आणि तुमच्या हातात काहीच उरत नाही.

लालबाग आणि गिरगाव परिसरात गणेशोत्सवात होणाऱ्या तात्पुरत्या बदलांसाठी मात्र कायद्यात सूट आहे. एका महिन्यापेक्षा अधिक काळ लागू नसलेल्या निर्बंधासाठी राजपत्रातील अधिसूचना आवश्यक नसते आणि परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यामुळे "राजपत्र दाखवा" हा आग्रह तेथे निरुपयोगी आहे. प्रसिद्धी झाली होती का, बॅरिकेड होते का, हा प्रश्न उचित आहे. वाहतूक पोलिसानेच हाताने इशारा करून तुम्हाला त्या बाजूने वळवले असेल, तर त्या चौकातील सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी लगेच लेखी अर्ज द्यावा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर फलक नव्हता या सबबीला अर्थ नाही, कारण डाव्या बाजूने जाणे हा मूळ नियमच आहे.

९. गाडीत अत्यवस्थ रुग्ण होता. हे कारण पुरेसे आहे का?

आणीबाणीचा बचाव न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. अपाय करण्याचा गुन्हेगारी हेतू नसताना, दुसरा अपाय टाळण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती केवळ तीतून अपाय होण्याचा संभव आहे हे ठाऊक होते म्हणून गुन्हा ठरत नाही. न्यायालय तीन गोष्टी पाहते: संकट खरोखर तातडीचे होते का, दुसरा वाजवी मार्ग उपलब्ध होता का, आणि तुम्ही स्वीकारलेला धोका टाळलेल्या धोक्याच्या मानाने अवाजवी तर नव्हता. रुग्णालयातील दाखल होण्याची वेळ, केसपेपर आणि घटनास्थळ ते रुग्णालय हा मार्ग यांचा मेळ बसला पाहिजे. परतीच्या वाटेवर किंवा औषध आणायला जाताना हे कारण चालत नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन दल यांसारख्या आपत्कालीन वाहनांना सायरन आणि दिवा सुरू असताना वेगळी मुभा असते. रुग्णवाहिकेच्या मागे लागून जाणाऱ्या खासगी गाडीला ती मिळत नाही, मग आत रुग्णाचे नातेवाईक असले तरीही.

१०. तांत्रिक मुद्द्यावर सुटका होते असे ऐकले. तो मुद्दा कोणता?

बहुधा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०९ चा. माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत ठोस बचाव हाच आहे. कलम १८३ (अतिवेग) किंवा १८४ खालील खटल्यात दोषसिद्धीसाठी पुढील तीनपैकी एक तरी गोष्ट घडलेली असावी लागते. गुन्हा घडला त्याच वेळी चालकाला "तुमच्यावर खटला भरण्याचा विचार होईल" अशी समज दिलेली असावी. किंवा गुन्ह्यापासून चौदा दिवसांच्या आत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण नमूद करणारी नोटीस चालकाला अथवा नोंदणीकृत मालकाला बजावलेली वा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी. किंवा अठ्ठावीस दिवसांच्या आत समन्स बजावलेले असावे.

नाव-पत्ता वाजवी प्रयत्न करूनही वेळेत कळू शकला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोहोचली नाही, असे न्यायालयाला पटले तर हे संरक्षण मिळत नाही. खोटा पत्ता देणाऱ्याने त्याची आशा धरू नये. आणि ज्याला हवालदाराने जागेवर थांबवून "साहेब, केस होणार तुमच्यावर" असे सांगितले आणि त्याची नोंद चलनावर केली, त्याच्या बाबतीत पहिलीच अट पूर्ण झालेली असते. हा मुद्दा खरा उपयोगी पडतो तो कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रकरणांत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७-अ कॅमेऱ्यावरील नोटिशीसाठी पंधरा दिवस देतो, तर कलम २०९ चौदा दिवस सांगते. शिवाय मोबाईलवरचा संदेश म्हणजे नोंदणीकृत टपाल नव्हे. नियम कायद्याला मागे सारू शकत नाही, हा युक्तिवाद वकिलाने मांडण्यासारखा आहे. संदेश कोणत्या तारखेला आला याचा स्क्रीनशॉट म्हणूनच जपावा. कलम १७७ किंवा न्याय संहितेचे २८१ लावले असेल, तर मात्र कलम २०९ चा उपयोग नाही.

११. चलन कॅमेऱ्याचे आहे आणि गाडी तेव्हा भाऊ चालवत होता. मी मालक आहे. शिक्षा मला होईल का?

कलम १८४ चा गुन्हा वाहन चालवणाऱ्याचा आहे. मालकावर कलम १३३ नुसार चालकाची माहिती देण्याची जबाबदारी येते आणि ती जाणूनबुजून दडवणे हा वेगळा गुन्हा होतो. त्यामुळे चालकाचे नाव आणि लायसन्स क्रमांक लेखी कळवावा. चलनावरील फोटोत नंबरप्लेट, ठिकाण आणि दिशा स्पष्ट दिसते का हे बारकाईने पाहावे. नंबर तुमचा पण गाडीचा रंग किंवा मॉडेल वेगळे, असे आढळले तर बनावट नंबरप्लेटची तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी आणि महाट्रॅफिक ॲपवरूनही चलनाविरुद्ध तक्रार नोंदवावी. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास आक्षेप घ्यावा.

१२. तीन वर्षांपूर्वीचे चलन आता अचानक दिसते आहे. अजून खटला होऊ शकतो?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये मुदती आहेत. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांत घ्यायची असते, तर एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याची एका वर्षात. म्हणजे १७७ साठी सहा महिने, आणि पहिल्यांदाच घडलेल्या १८४ साठी व २८१ साठी एक वर्ष. उशिराचे समाधानकारक कारण असल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते. ऑनलाइन यादीत चलन दिसणे म्हणजे न्यायालयाने दखल घेतली असे नव्हे. समन्स आले असल्यास मात्र मुदतीचा मुद्दा पहिल्याच तारखेला लेखी मांडावा.

१३. उलट दिशेने जाताना अपघात झाला तर कलमे कशी वाढतात?

इजा झाली नाही पण जीव धोक्यात आला, तर न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन महिन्यांपर्यंत, साधी इजा झाल्यास सहा महिन्यांपर्यंत आणि गंभीर इजा झाल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मृत्यू झाल्यास कलम १०६(१) नुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या ३०४-अ मध्ये कमाल दोन वर्षे होती. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे १०६(२) हे पोटकलम न्याय संहितेबरोबर अमलात आणले गेले नाही.

परिणामाची जाणीव असूनही कृत्य केले असे दिसले, तर पोलीस सदोष मनुष्यवधाचे कलम १०५ लावतात. ते अजामीनपात्र आहे आणि जाणिवेच्या भागात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. जून २०१५ मध्ये ईस्टर्न फ्रीवेवर उलट दिशेने आलेल्या मोटारीने टॅक्सीला धडक दिली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात पोलिसांनी समकक्ष जुने कलम, ३०४ भाग दोन, लावले होते. २००६ च्या कार्टर रोड दुर्घटनेत गाडी पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली आणि सात जण दगावले. तेथे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ३०४ भाग दोनखालील दोषसिद्धी कायम ठेवली. त्यात राँग साइडचा प्रश्न नव्हता, पण "जाणीव" कशी ठरवायची यासाठी मुंबईतील वकील आजही तो निकाल वाचतात. दारू, वेग आणि द्रुतगती मार्गावर उलट शिरणे हे तिन्ही एकत्र आले की १०६ आणि १०५ यांतील अंतर फार थोडे उरते.

अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ चे कर्तव्य आहे. ते मोडल्यास कलम १८७ चा गुन्हा वेगळा लागतो.

१४. मी उलट बाजूने होतो हे खरे, पण समोरच्याने मोबाईल बघत येऊन मला ठोकले. तरी आरोपी मीच?

समोरच्याचीही चूक होती एवढ्याने फौजदारी जबाबदारी संपत नाही. मात्र मृत्यूच्या प्रकरणात तुमची कृती हेच मृत्यूचे निकटचे आणि परिणामकारक कारण होते, हे सरकारी पक्षाने दाखवावे लागते. हे तत्त्व मुंबईतल्याच एका कारखान्यातील आगीच्या खटल्यात, कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात मांडले. दुसऱ्याची हयगय हेच खरे कारण होते असे पुराव्याने दिसले, तर ते उपयोगी पडते. नुकसानभरपाईचा दावा वेगळा चालतो आणि तेथे तुमच्या वाट्याची हयगय ठरवून रक्कम त्या प्रमाणात कमी होऊ शकते.

१५. दुचाकी बंद करून ढकलत नेली, रिव्हर्स घेतली, सायकलवर होतो, सोसायटीच्या आत होतो, मुलगा चालवत होता. यांत काय लागू होते?

इंजिन बंद करून हाताने ढकलत नेणे याला वाहन चालवणे म्हणणे कठीण आहे, पण उतारावर बसून गाडी सोडली तर तो बचाव गेला. एकदिशा रस्त्यावर रिव्हर्समध्ये जाणे ही पळवाट नाही. सायकल आणि ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या हलक्या ई-बाइक या नियमांनुसार मोटार वाहनच नव्हेत, म्हणून त्यांना १८४ लागत नाही. घरपोच सेवा देणाऱ्या अनेक मुलांना येथवरच सांगितले जाते. न्याय संहितेचे २८१ मात्र कोणत्याही वाहनाला लागू आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

सोसायटीच्या फाटकाआड लोकांना प्रवेशाचा हक्क नसेल तर ते सार्वजनिक ठिकाण नाही असे म्हणता येते, आणि १८४ व २८१ दोन्हींना उत्तर मिळते. पण आत कोणाला इजा झाल्यास १२५ आणि १०६ ला ठिकाणाची अट नाही. अल्पवयीन मुलगा चालवत असेल, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मुलाने चावी न सांगता घेतली किंवा गुन्हा टाळण्याची पुरेशी काळजी घेतली होती, हे सिद्ध करणे पालकावर असते.

१६. दंड थोडाच आहे. गुन्हा कबूल करून मोकळे व्हावे का?

१७७ च्या चलनात कबुली देणे बहुतेकांना सोयीचे असते आणि त्यात फारसे काही बिघडत नाही. २८१ च्या खटल्यात घाई करू नये. तेथील कबुली म्हणजे फौजदारी दोषसिद्धी, आणि नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीच्या अर्जात ती लिहावी लागते. खटला न्यायालयात प्रलंबित असताना पासपोर्ट अधिनियमाच्या कलम ६(२)(च) मुळे नवा पासपोर्ट अडू शकतो. अशा वेळी त्याच न्यायालयाकडून परवानगी घ्यावी. नुसता एफआयआर असून न्यायालयाने अद्याप दखल घेतली नसेल, तर ही अडचण त्या स्वरूपात येत नाही, पण अर्जात माहिती लपवू नये.

दोष सिद्ध झालाच, तर पहिलाच गुन्हा, वय आणि परिस्थिती पाहून परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करता येते. हयगयीने मृत्यू घडवणाऱ्या चालकांना हा लाभ सहसा देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दलबीर सिंग प्रकरणात म्हटले आहे, म्हणून ही विनंती इजा न झालेल्या प्रकरणांतच करावी. ती शिक्षा सुनावली जाण्याआधी, शिक्षेवरील सुनावणीत करायची असते, आणि दंड भरून झाल्यावर वकिलाकडे आल्यास तिचा उपयोग उरत नाही.